मैदा, पिठीसाखर आणि ती तिसरी पूड

हॉटेलच्या तळघरातल्या बेकरीत तिला तिच्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे तिला काटा म्हणत. टोचणारा काटा नव्हे, वजनाचा. ऐंशी ग्रॅमचा गोळा म्हटला की तिची बोटं मळलेल्या पिठातून नेमका ऐंशी ग्रॅमचाच लचका तोडत. नवीन आलेला प्रत्येक जण एकदा तरी तिची परीक्षा घेई, गोळा वजनाला टाकी आणि हरला की सगळ्यांना चहा पाजी. एकोणीस वर्षांपूर्वी ती इथे ट्रे घासायला आली होती. आता एक्केचाळिसाव्या वर्षी अख्खी बेकरी तिच्या हाताखाली होती. हाताखाली म्हणजे अक्षरशः तिच्या दोन हातांखाली, कारण तिची जोडीदारीण नोकरी सोडून गेल्यावर तिच्या जागी कोणाला घेतलंच नव्हतं. ‘बघू’ म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं होतं आणि दोघींचं काम एकटी काटा ओढत होती.

घरी नवरा, चौदा वर्षांची लेक आणि सासूबाई. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्टच्या विहिरीत लोंबकळायचं आणि संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर लोंबकळायचं, असं सासूबाई म्हणत. घर सुखाचं होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे घडलं ते ऐकल्यावर लोक पहिल्यांदा घरात खोट शोधतात.

खोट होती ती थकव्याची. पहाटे चारला भट्टी पेटवायची, दुपारी दोनला पाव-रोल आटपून केक आणि मिठाया हातात घ्यायच्या, सहाला घर गाठायचं. महिन्यातले चार-पाच दिवस मोठ्या मेजवान्यांचे, त्या दिवशी घड्याळाकडे बघायचंच नाही. अशाच एका दिवशी तिच्या हातातून अंड्यांचा ट्रे सुटला आणि ती त्या फुटक्या अंड्यांशेजारी फरशीवर बसून राहिली. उठायचं कसं हेच तिला सुचेना. तेव्हा तिला उठवलं ते सॉसवाल्याने.

सॉसवाला वरच्या स्वयंपाकघरात सॉस करायचा. हसरा, बोलका, कोणाच्याही अडीनडीला धावून जाणारा. त्याला वाईट माणूस म्हणता आलं असतं तर काटाचं काम सोपं झालं असतं. त्याने तिला भांडारात नेलं, एक छोटी पुडी उघडली आणि म्हणाला की ताई, अर्ध्या तासाने तूच म्हणशील की मघाशी बसलेली बाई दुसरीच कोणी होती. ती पूड काय आहे ते काटाला कळलं होतं. कोणी फसवलं, कोणी बळजबरी केली, असं तिने नंतर कधीच म्हटलं नाही. ‘मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं’, एवढंच ती सांगे.

त्या दिवशी मेजवानी वेळेवर गेली. नुसती गेली नाही, झोकात गेली. डोळ्यांवरची झापड कोणी ओढून काढावी तशी उडाली, हात दुप्पट चालू लागले, आणि मुख्य म्हणजे तिला बरं वाटलं. किती दिवसांनी असं मनातून बरं वाटतंय, याचं तिला नवल वाटलं. घरी जाऊन तिने लेकीचं गणित घेतलं, सासूबाईंचे पाय चेपून दिले आणि रात्रभर छताकडे बघत पडून राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र अंग असं गळून गेलं, की बुटाची नाडी बांधायलासुद्धा मन होईना.

पुढचं सांगायला लागतं तेवढा वेळ ते घडायला लागला नाही. मेजवानीपुरतं, मग शनिवार-रविवारपुरतं, मग आजच्यापुरतं. ‘आजच्यापुरतं’ हा शब्द आठ महिने चालला.

आधी तिचं नाक गेलं. कायम चोंदलेलं, कधी रक्ताचा थेंब. सर्दी आहे म्हणून ती रुमाल घेऊन फिरायची. एका सकाळी ती भट्टीपासून दोन पावलांवर उभी राहून याद्या लिहीत होती, आणि वरच्या मजल्यावरून भांडी घासणारा विचारत धावत आला की खाली काय जळतंय. भट्टीतले साठ रोल कोळसा झाले होते. धूर डोळ्यांत जाईपर्यंत तिला पत्ता लागला नव्हता. एकोणीस वर्षं पावाचा रंग बघायच्या आधी तो भाजल्याचं नाकाने ओळखणारी बाई ती. तिने सर्दीला शिव्या दिल्या आणि साठ रोल पुन्हा केले.

मग हात. कोपरापासून मनगटापर्यंत कातडीखाली काहीतरी चालल्यासारखं व्हायचं. तिला वाटलं, मैद्यात किडे झालेत. तिने एका दुपारी तीन पोती चाळून काढली. किडा एकही निघाला नाही. मग तिला वाटलं की कोणीतरी मुद्दाम पोती बदललीत. मग तिला वाटलं की भांडी घासणारा आणि मोठे शेफ कोपऱ्यात तिच्याबद्दलच बोलत असतात. स्वभावाने कोणाच्या अध्यात ना मध्यात नसलेली काटा दारामागे उभी राहून लोकांचं बोलणं ऐकायला लागली. घरी सासूबाईंनी एकदा जेवताना विचारलं, ‘अगं, तू सारखी दात का खातेस?’ ‘काही नाही, दाढ दुखतेय,’ असं म्हणून तिने वेळ मारून नेली. आणि छाती तर सारखीच धडधडायची, पाच जिने एका दमात चढून आल्यासारखी. त्याला ती कामाची घाई म्हणायची.

तो मंगळवार होता, सकाळचे अकरा. दुपारच्या मेजवानीचे ट्रे ती भट्टीतून काढत होती. चौथ्या ट्रेला छातीच्या मधोमध कोणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखं झालं. कळ डाव्या खांद्यातून जबड्यात गेली. पित्त असेल म्हणून ती थंड पाणी प्यायली. पाचवा ट्रे तिने टेबलावर ठेवला, तो नीट सरळ केला, आणि मग पीठ मळायच्या मशीनला धरत धरत खाली बसली. पांढरीफटक पडलेली, घामाने भिजलेली. रुग्णवाहिका येईपर्यंत सॉसवाला तिच्याजवळ उकिडवा बसून वारा घालत होता. त्याचे ओठ हलत होते. पण जे सांगायला हवं होतं ते त्याने रुग्णवाहिकेतल्या माणसाला सांगितलं नाही.

हॉस्पिटलात तिच्या छातीला, हातापायांना तारा लावल्या, हृदयाच्या आलेखाची पट्टी निघाली आणि ती पट्टी बघून तरुण डॉक्टरचा चेहरा बदलला. नाडी एकशे चाळीसच्या वर, रक्तदाब भलताच चढलेला. त्याने पटापट विचारलं. मधुमेह? नाही. सिगारेट? नाही. घरात कोणाला लहान वयात हृदयविकार? नाही. कसली नशा? तोवर नवरा येऊन पोहोचला होता. कामाचा पट्टा कमरेला तसाच, हाताला ग्रीस. तो तिच्या पायाशी उभा होता. ती म्हणाली, ‘नाही.’

डॉक्टरने ठोके मंद करायचं इंजेक्शन भरायला सांगितलं.

इंजेक्शन भरायला निघालेली सिस्टर पन्नाशीची होती. ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. तिने काटाच्या डोळ्यांवर टॉर्च मारला. बाहुल्या बशीएवढ्या झालेल्या. मग तिने काटाची हनुवटी वर करून नाकपुडीत पाहिलं. तिने नवऱ्याच्या हातात एक कागद दिला आणि खिडकीवर सही करून या म्हणून पाठवलं. तो गेल्यावर ती काटाच्या कानाशी वाकली.

‘ताई, मी पोलीस नाही आणि तुमची सासूही नाही. तुमच्या अंगात काय गेलंय ते कळलं नाही तर आमचं औषध चुकेल. आज घेतलंय?’

काटाने डोळे मिटले. तिला आधी आठवली ती लेक, मग सासूबाई, मग बेकरीतली एकोणीस वर्षं. छातीवरचा गुडघा आणखी रुतला. तेव्हा तिला एक गोष्ट लख्ख कळली. ही गोष्ट लपवून ती अब्रू वाचवत नव्हती. ती जीव देत होती, आणि तोही कोणाला कळू न देता.

‘घेतलंय,’ ती म्हणाली. ‘कोकेन. नऊ वाजता. रोज घेते.’

‘मोठ्याने सांगा. डॉक्टरांना ऐकू दे.’

ती मोठ्याने सांगू लागली तेवढ्यात नवरा कागद घेऊन परत आला. तो दारातच थांबला. काटाने त्याला पाहिलं. तिला गप्प बसता आलं असतं. ती थांबली नाही. त्याच्याकडे बघत तिने वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं: किती महिने, दिवसातून किती वेळा, आज किती.

डॉक्टरने ते इंजेक्शन रद्द केलं. तिला अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, जिभेखाली रक्तवाहिन्या सैल करणारा फवारा मारला आणि मज्जातंतू शांत करणारं दुसरंच इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने कळ ओसरली. कोणी छातीवरून उठून निघून जावं तशी.

नळी घालून तपासलं तेव्हा तिच्या हृदयाच्या वाहिन्या बऱ्यापैकी स्वच्छ निघाल्या. तरीही हृदयाचा एक तुकडा दुखावला होता आणि त्याची ताकद घटली होती. आडवं पडल्या पडल्या काटाला हे पटेना. नळ तुंबलेला नाही, तर पाणी अडलं कसं? हृदयाच्या मोठ्या डॉक्टर, सत्तरीला टेकलेल्या शांत बाई, तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी तिला नीट समजावलं.

निरोप नेणाऱ्या नसांच्या टोकाला एक रसायन सुटतं, त्या म्हणाल्या. ते हृदयाला सांगतं, पळ. निरोप पोचला की नस ते रसायन परत आत ओढून घेते आणि हृदय चालीवर येतं. कोकेन ही परत ओढायची वाटच बंद करतं. मग निरोप पुसलाच जात नाही. पळ, पळ, पळ. हृदय दुप्पट धावतं, त्याला दुप्पट रक्त लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला रक्त देणाऱ्या वाहिन्या आवळल्या जातात. वर रक्त गोठायला सोपं होतं. ‘तुमची वाहिनी आवळली गेली. काही मिनिटं नव्हे, बराच वेळ. त्या दिवशी ठोके मंद करायचं इंजेक्शन दिलं असतं, तर ती आणखी आवळण्याचा धोका होता. तुम्ही बोललात म्हणून ते टळलं.’

काटाने थोडा विचार केला. ‘म्हणजे भट्टीचा जाळ दुप्पट केला,’ ती म्हणाली, ‘आणि तिची हवा बंद केली.’

‘तसंच. आणि भट्टीच्या वायरिंगलाही हात घातलात. हृदयाची वीज बिघडली की ठोका चुकतो, कधी कधी थांबतो. तो वय बघत नाही.’

मेंदूचंही असंच, बाई म्हणाल्या. तिथे आनंदाचं रसायन नसांच्या टोकाशी साठून राहतं, म्हणून ते अफाट बरं वाटणं. मेंदू मग स्वतःची यंत्रणा आखडती घेतो. पूड उतरली की उरतो तो नुसता राखाडी रंग. किडे, संशय, दात खाणं, सगळं त्यातलंच. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली नाही, झटका आला नाही, हे नशीब.

‘किती वेळा घेतल्यावर माणूस मरतो?’ काटाने विचारलं. तिला सगळं मापात लागायचं.

‘याला माप नाही. कोणी पहिल्याच वेळी जातो, कोणी शंभराव्या वेळी हॉस्पिटलात येतो. आज काही झालं नाही म्हणून उद्या होणार नाही, असा हिशेब या पुडीत चालत नाही.’

ज्या गोष्टीला माप नाही, तिच्यावर काटाचा विश्वास कधीच बसत नसे. ती पूड कायमची सोडायची हे तिने तिथेच ठरवलं. पण ठरवणं आणि सुटणं यांच्यात केवढा रस्ता आहे, ते तिला घरी आल्यावर कळलं.

पहिले दहा दिवस ती नुसती झोपली. उठायची, हावऱ्यासारखं खायची, पुन्हा झोपायची. मग झोप संपली आणि काहीच उरलं नाही. लेक शाळेतल्या गमती सांगे, त्या तिला कळत, पण हसू येत नसे. सूर्य उगवायचा, तोही कोणाच्या तरी सांगण्यावरून उगवल्यासारखा. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाने सांगितलं होतं की पुडीची ओढ मारणारी गोळी अजून निघालेली नाही. दिवस काढायचे, आठवड्याला येऊन बसायचं, लघवीची तपासणी द्यायची आणि मेंदूला सावरायला महिने द्यायचे. काटाने फोन नंबर बदलला. सॉसवाल्याच्या घरावरून जाणारी बस सोडून लांबच्या रस्त्याने जाणारी धरली. प्रत्येक तपासणीचा कागद तिने फ्रीजवर चिकटवला, सासूबाई नको नको म्हणत असताना.

सासूबाईंना तिने स्वतःच सांगितलं होतं. नवऱ्याने ‘हृदयाचा त्रास’ एवढ्यावर मिटवायचं म्हटलं होतं, पण काटाला ते मान्य नव्हतं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, बराच वेळ पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. मग त्यांनी विचारलं, ‘दाढ कधी दुखतच नव्हती ना?’ काटाने मान हलवली. ‘मग माझ्या लवंगा फुकट गेल्या,’ त्या म्हणाल्या आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारून आल्या. त्या दिवसापासून त्या तिच्याबरोबर तपासणीला यायला लागल्या. बाकावर बसून तिथल्या प्रत्येकाची चौकशी करायच्या. तिथल्या दोघा-तिघांना आता त्यांचीच वाट बघायची सवय लागली होती.

नवरा मात्र बोलत नव्हता. भांडत नव्हता, टोमणे मारत नव्हता, औषधं वेळेवर आणून ठेवत होता. पण जेवणाच्या ताटापलीकडे त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. हे काटाला सगळ्यांत जड गेलं.

चौथ्या महिन्यात समुपदेशकाने हळूच सुचवलं की धंदा बदलता आला तर बघा. मैदा, पिठीसाखर, दुधाची पूड. चोवीस तास पांढऱ्या पुडीत हात. मेंदू विसरणार कसा? काटाला त्याचं म्हणणं पटलं, पण मान्य झालं नाही. ‘कामच सोडलं तर मी सुटले कशासाठी?’ ती म्हणाली. तिने उलट वाट धरली. समुपदेशकाला विचारून, त्याने घातलेल्या अटी पाळून, घरी सासूबाई समोर असतानाच, ती रोज दुपारी स्वयंपाकाच्या ओट्यावर पिठीसाखर चाळायला बसू लागली.

पहिल्या दिवशी चाळणीतून पांढरा धूर उठला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. नाडी एकशे अठराला गेली. ती उठली नाही. डोळे चाळणीवर ठेवून नाडी नव्वदावर येईपर्यंत बसून राहिली. एकतीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी सव्वीस. पाचव्या दिवशी पुन्हा चाळीस, त्या दिवशी ती रडली. लेकीने भिंतीवर एक तक्ता लावला आणि रोजची मिनिटं त्यावर लिहायचं काम स्वतःकडे घेतलं. तीन आठवड्यांनी आकडा सातवर आला. साखरेचं काय करायचं हा प्रश्न होताच. सासूबाई रोज तिचं काहीतरी गोड करून शेजारीपाजारी वाटत. काटाच्या आजाराने अख्ख्या मजल्याचं वजन वाढलं, असं लेक म्हणायची.

आणि तरीसुद्धा एक दिवस ती जुन्या बसमध्ये बसली. कारण काही नव्हतं. भांडण नाही, थकवा नाही. दुपारी बसस्टॉपवर दोन बस आल्या आणि पाय चुकीच्या बसमध्ये चढले. सॉसवाल्याच्या गल्लीपाशी ती उतरली. त्याच्या जिन्याचं दार उघडं होतं. तिच्या छातीत धडधड सुरू झाली होती, अजून काही घेतलं नव्हतं तरी. ती फुटपाथच्या कठड्यावर बसली, कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि मग एक हात सोडवून तिने नवऱ्याला फोन लावला.

‘मी त्याच्या दाराशी आहे,’ ती म्हणाली. ‘आत गेले नाही. पण उठून मागे यायलाही जमत नाहीये. तू ये.’

तो वीस मिनिटांत आला, पट्ट्यातली अवजारं खणखणत, धावत. तिच्याशेजारी कठड्यावर बसला. धाप लागलेली. मग तो म्हणाला की त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात त्याला तिचा राग आला होता, पण त्याहून जास्त स्वतःचा. आठ महिने एका खोलीत झोपून आपल्याला काही दिसलं नाही, एरवी लिफ्टचा एक बारीक आवाज बदलला तर आपण तळमजल्यावरून ओळखतो. हे बोलायला त्याला चार महिने लागले होते. काटा म्हणाली, ‘मी लपवत होते. चांगली लपवत होते.’ मग ते उठले आणि चालतच घरी आले, जवळजवळ दीड तास. वाटेत तो अखंड बोलत होता. इतका, की शेवटी तिने त्याला जरा गप्प बस म्हणून सांगितलं.

कामावर परतायची वेळ आली तेव्हा मोठ्या शेफनी तिला समजुतीने बाजूला घेतलं. कागदावर पित्ताचा त्रास लिहू, तू राजीनामा दे, चांगलं शिफारसपत्र देतो. काटा घरून तयारीने आली होती. तिने आजारपणाआधीच्या दीड वर्षाचे ड्यूटीचे तक्ते टेबलावर पसरले. दोन माणसांच्या रकान्यांत एकाच माणसाचं नाव, पानामागून पान. पुडी मी घेतली, ती माझी चूक, ती मी कोणावर ढकलत नाही, ती म्हणाली. पण ही पानं मी लिहिलेली नाहीत. ती राजीनामा देणार नव्हती. दर पंधरा दिवसांनी तपासणीचा कागद आणून द्यायची तिची तयारी होती. एकच पाळी करणार होती. आणि बेकरीत दुसरं माणूस हवं होतं.

मोठे शेफ म्हणाले, वर विचारावं लागेल. ती म्हणाली, विचारा, मी बाहेर बसते. ती तीन दिवस रोज येऊन बाहेर बसली. चौथ्या दिवशी तिला सहा महिन्यांच्या अटीवर परत घेतलं, आणि दुसऱ्या माणसाची जाहिरात त्यानंतर दोन महिन्यांनी लागली. त्या दोन महिन्यांत ती दुपारी दोनला एप्रन काढून ठेवायची, समोर केक अर्धा राहिलेला असला तरी. पहिल्या दिवशी आरडाओरडा झाला. दहाव्या दिवशी लोक केक सकाळी सांगायला लागले.

सॉसवाला तोवर दुसरीकडे गेला होता. जाण्याआधी तो एकदा तिला घरी भेटायला आला होता, दारातूनच. त्याने माफी मागितली, रुग्णवाहिकेतल्या माणसाला सांगितलं नाही त्याबद्दल. काटाने त्याला बसवलं नाही, झिडकारलंही नाही. छातीत कधी दाबल्यासारखं झालं तर पहिल्या तासाच्या आत हॉस्पिटलात जा आणि विचारायच्या आधी सांग, एवढं तिने सांगितलं. आणि दारूबरोबर तर घेऊच नको, अंगात गेल्यावर दोन्हींचं मिळून तिसरंच विष होतं, ते हृदयाला दोन्हींपेक्षा वाईट. त्याने हो हो केलं. त्याने ऐकलं की नाही, हे तिला आजवर कळलेलं नाही.

वर्षभराने एका दुपारी तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना खाली बेकरीत बोलावलं. पंधरा-सोळा जण, कोणी पोत्यांवर, कोणी उलट्या ट्रेवर बसले. तिने भाषण केलं नाही. घडलं ते सांगितलं, जळलेल्या रोलपासून. किड्यांबद्दल सांगताना भांडी घासणाऱ्याची तिने सगळ्यांसमोर माफी मागितली, तुझ्यावर संशय घेतला म्हणून. तो बिचारा लाजून म्हणाला की त्या कोपऱ्यात ते दोघं खरंच तिच्याबद्दल बोलायचे, तिला बरं वाटत नाहीये म्हणून. त्यावर ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. असं हसू कित्येक महिन्यांत आलं नव्हतं.

नाक तिला पूर्ण परत मिळालं नाही. लिंबू, लवंग, निलगिरी, गुलाब अशा चार बाटल्या ती सकाळ-संध्याकाळ हुंगायची. लिंबू आधी आलं, मग आंबलेल्या पिठाचा वास, मग भाजलेल्या पावाचा, अर्धवट, भिंतीपलीकडून आल्यासारखा. गुलाब आलाच नाही. नवीन आलेल्या जोडीदारिणीला तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की माझं नाक कच्चं आहे, भट्टीजवळ तुझं वापर. त्यात तिला कमीपणा वाटला नाही.

हृदयाचं मात्र बरं झालं. त्या मंगळवारी पडली तेव्हा त्याची ताकद चाळीस टक्क्यांच्या घरात होती, दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत ती छप्पन्न टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ निरोगी हृदयाएवढी आली. मोठ्या डॉक्टरबाईंनी पडद्यावर तिला ते दाखवलं. काळ्या-पांढऱ्या धूसर चित्रात एक मुठीसारखी गोष्ट उघडत होती, मिटत होती. एका कडेचा छोटा भाग इतरांपेक्षा जरा मागून हलत होता. तो तसाच राहील, बाई म्हणाल्या, पण बाकीचे त्याला सांभाळून घेताहेत. एका गोळीचा डोस कमी केला. मग त्यांनी कागदावर लिहायला घेतलं की आता पुढची तपासणी वर्षाने केली तरी चालेल.

सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि पिशवी उचलली.

‘वर्षाने नको,’ काटा म्हणाली. ‘सहा महिन्यांनीच लिहा.’

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, वर्ष खोडलं आणि सहा महिने लिहिलं.